स्ट्रॉबेरी चोरणारी पाखरं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते इंग्लंडमधल्या ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’, म्हणजे हातानं घडवलेल्या सुंदर वस्तूंचा आग्रह धरणाऱ्या चळवळीच्या उगमाबद्दल. एकोणिसाव्या शतकात तिथं कारखान्यांतून भराभर वस्तू निघू लागल्या. स्वस्त, पण बेगडी. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांचं १८५९ मध्ये लग्न झालं आणि नव्या घरासाठी मनाजोगं सामान बाजारात मिळेना. मग मित्रमंडळींनी टेबलं, पडदे, भिंतींवरची चित्रं सगळं स्वतःच केलं. १८६१ मध्ये त्यातूनच कंपनी निघाली. उगम तो हा : घरात हवी तशी वस्तू मिळेना, म्हणून स्वतः करायला घेतली.

आता माझी आवडती गोष्ट. केल्मस्कॉट गावच्या मॉरिस यांच्या परसात स्ट्रॉबेरीचे वाफे होते. थ्रश, म्हणजे आपल्या कस्तुराच्या कुळातले पक्षी, पिकलेली फळं पळवायचे. माळी चिडला, म्हणाला, यांच्या माना मुरगळतो! मॉरिस यांनी सक्त ताकीद दिली, बागेतल्या एकाही पाखराला हात लावायचा नाही. आणि त्या चोरांनाच त्यांनी कापडावर बसवलं, चोचीत स्ट्रॉबेरीसकट.

ते छापणं मात्र महाकठीण. आधी सगळं कापड निळीच्या हौदात बुडवायचं. बाहेर येतं तेव्हा ते हिरवट दिसतं, वारा लागला की निळं होतं. मग नक्षीपुरती नीळ रसायनानं उडवायची आणि तिथं मंजिष्ठेचा लाल, वनस्पतीचाच पिवळा भरायचा. १८८३ मध्ये हे जमलं. पण त्याआधी मॉरिस लीक गावच्या रंगशाळेत स्वतः हौदाशी उभे राहिले होते, हात निळे होईपर्यंत. स्वतःच्या हातांनी, श्रोतेहो! चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांचा म्हणूनच मला राग येतो. आणि ती नीळ? तेव्हा युरोपात ती मुख्यतः आपल्या बंगाल-बिहारमधून जायची. तिथल्या रयतेनं तिच्यापायी काय सोसलं, त्यासाठी वेगळं भाषण लागेल.

कापड महाग पडलं, तरी खपलं. कला सगळ्यांची व्हावी म्हणणाऱ्या मॉरिस यांचा माल श्रीमंतांच्याच घरी गेला, ही खंत खरी.

चळवळीला नाव मिळालं ते उशिरा, १८८७ मध्ये लंडनला प्रदर्शनासाठी संस्था निघाली तेव्हा. त्याच विचारांचे शिल्पकार लॉकवुड किपलिंग १८६५ मध्येच आपल्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवायला आले होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची कोरीव शिल्पं त्यांची. पुढच्या वेळी तिथं फळं घ्यायला गेलात, तर मान वर करून जरूर बघा.