‘दर्या’ या शब्दाची लांबी

(दृश्य : देवगड बंदर, पहाट. होडीत चढणारी जाळी. बोटांच्या पेरांवर मोजणारा हात.)

हा हात भरतीची वेळ मोजतो आहे. चालू तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरती किती वाजता येईल ते कळते, हा कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी पुरते चढलेले असते. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि हा हिशेब ती ४५ मिनिटे धरतो. तरीही होडी लोटण्यापुरता तो पुरेसा पडतो.

याच हिशेबातून एका प्राथमिक शिक्षकाच्या आयुष्यातील पहिली संगणक आज्ञावली जन्माला आली. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, आणि त्यांच्या इच्छेनुसार या निवेदनातही आपण तेच म्हणणार आहोत.

(दृश्य : जांभ्या दगडाचे कौलारू घर, पडवी, कोपऱ्यातले मेज.)

शतक बदलण्याच्या सुमारास गुरुजींनी मुंबईहून एक जुना संगणक आणला. तो एस.टी.च्या मागच्या आसनावर, गोधडीत गुंडाळून, आंब्याच्या रिकाम्या पेटीतून गावात आला. त्यात बेसिक ही भाषा होती. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ही भाषा तयार केली, ती विज्ञान शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. प्राथमिक शाळेत पाढे शिकवणाऱ्या गुरुजींच्या हाती तीच भाषा पहिल्यांदा यावी, हे फार चांगले झाले असे आम्हाला वाटते.

त्यांची पहिली आज्ञावली तीन ओळींची होती. पहिली ओळ तिथी विचारत असे, दुसरी तिला पाऊणने गुणत असे आणि तिसरी उत्तर दाखवत असे. ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक होते, कारण मध्ये एखादी ओळ घालायची झाली तर जागा राहावी. चतुर्थीला उत्तर बिनचूक आले. सप्तमीला पडद्यावर ५.२५ उमटले आणि शेजारच्या तांडेलाने ते पाच वाजून पंचवीस मिनिटे असे वाचले. जुन्या पाऊणकीत सात पाऊण सव्वापाच होतात, म्हणजे पाच वाजून पंधरा मिनिटे. यंत्राचे गणित बरोबर होते. पण ते माणसाला कळेल अशा रूपात मांडण्याचे काम बाकी होते, आणि त्यासाठी गुरुजींनी क्रमांक २५ ची ओळ लिहिली.

(दृश्य : जवळून, खोडरबर आणि संगणकाच्या स्मृतिपट्टीची सोनेरी कड.)

खाऱ्या हवेत यंत्र टिकवणे हीसुद्धा एक विद्याच आहे. पावसाळ्यात तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, पंख्यात बुरशी धरते आणि एके दिवशी यंत्र नुसते पी-पी करत राहते. अशा वेळी गुरुजी स्मृतिपट्टी बाहेर काढून तिची कड शाळेतल्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासतात आणि मऊ कापडाने पुसून पुन्हा बसवतात. पावसाचे चारही महिने त्यांच्या कपाटात एक पिवळा दिवा रात्रंदिवस जळत असे, कारण त्याच्या उबेने आतले सुटे भाग कोरडे राहत.

(दृश्य : पिवळा पडलेला, घडी घातलेला कागद.)

पुढे पायथन ही भाषा शिकताना ते अडले. त्या काळच्या पायथनला त्यांनी ‘दर्या’ या शब्दाची लांबी विचारली तेव्हा उत्तर १५ आले. शाळेतले मूल त्यात दोनच अक्षरे मोजेल, मग १५ आले कुठून? मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी हा प्रश्न ऑनलाइन मांडला आणि जगाच्या कुठल्याशा टोकाला बसलेल्या, त्यांना कधीही न भेटलेल्या एका माणसाने दुसऱ्या दिवशी सविस्तर उत्तर लिहिले. त्या उत्तराची छापील प्रत म्हणजे हा कागद होय.

उत्तर असे होते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘दर्या’ हा शब्द पाच चिन्हांनी साठवला जातो : द, र, पाय मोडण्याची खूण, य आणि काना. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (बाइट हे संगणकातील साठवणुकीचे माप) जागा घेते, म्हणून पाच त्रिक पंधरा. जुने पायथन बाइट मोजत होते. २००८ च्या डिसेंबरात आलेली ‘पायथन ३’ ही आवृत्ती चिन्हे मोजू लागली आणि तेच उत्तर ५ झाले. वाचणाऱ्याची दोन अक्षरे मात्र यंत्राला आजही वेगळी शिकवावी लागतात.

(दृश्य : वाचनालयातील कपाटे, जुन्या यादीवरची अनाकलनीय चिन्हे.)

त्यानंतर गुरुजींनी गावच्या वाचनालयाची ग्रंथयादी हाती घेतली. ती युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये टंकलेली होती. अशा फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर सगळी यादी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग होऊन जाई. आकाराला आकार जुळवणारे कोष्टक करणे सोपे होते. अडचण क्रमाची होती. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट : जुन्या पद्धतीत तो अक्षराच्या शेवटी टंकत, युनिकोडमध्ये त्याचा र आधी येतो. वेलांटी एका व्यंजनापलीकडे सरकवणारी पहिली आज्ञावली त्यांनी चालवली, तेव्हा यादीभर ‘स्थिती’चे ‘सि्थती’ झाले, कारण वेलांटीने एक व्यंजन नव्हे, संपूर्ण जोडाक्षर ओलांडायला हवे होते. मराठीच्या छापील मजकुरात आणि संकेतस्थळांवर हा ‘सि्थती’ आजही भेटतो, आणि ज्याला त्याचे कारण ठाऊक आहे त्याला तो पाहून वाईट वाटल्यावाचून राहत नाही. ही आज्ञावली सुधारत नेण्यात गुरुजींचे दोन पावसाळे गेले. यादी आता शोधता येते.

(दृश्य : गावावरचा सडा, म्हणजे कातळाचे पठार. वाळलेले गवत, कातळ, हातात फोन धरून उभे गुरुजी.)

घरात रेंज नसल्यामुळे ते रोज संध्याकाळी सड्यावर येतात. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे आणि त्याही पलीकडचे प्रश्न इथे त्यांच्या फोनवर उतरतात, आणि प्रत्येकाला ते मराठीतच, पूर्ण वाक्यांत उत्तर देतात. आधी ते विचारतात की नेमके काय टंकले, पडद्यावर काय आले आणि काय यायला हवे होते. पुष्कळदा ही तीन उत्तरे लिहितानाच विचारणाऱ्याला आपली चूक सापडते.

एका बचत गटाच्या ताईंनी कोकम आगळाच्या बाटलीवरची पट्टी पाठवून विचारले होते, “गुरुजी, ‘सिंधुदुर्ग’ हो शब्द असो मोडलेलो कित्याक दिसता?” छपाईच्या आज्ञावलीला रफार जोडता येत नव्हता. ती पट्टी कशी दुरुस्त करायची हे गुरुजींनी तीन ध्वनिसंदेशांत सांगितले.

(दृश्य : जवळून, कळफलकावरची बोटे.)

ते सर्वाधिक वेळा समजावतात ती गोष्ट याहून बारीक आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे सह्याद्रीच्या दऱ्या. या दोन शब्दांतला फरक एका अर्ध्या र चा आहे. हा दुसरा र युनिकोडमध्ये ०९३१ या स्वतंत्र क्रमांकावर आहे, पण साध्या र पुढे पाय मोडून एक न दिसणारे जोडचिन्ह घातले तरी पडद्यावर तोच आकार उमटतो. डोळ्यांना ‘किनाऱ्यावर’ हा शब्द दोन्ही वेळा सारखाच दिसतो, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात, आणि एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. म्हणून गुरुजी भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ, मग डी, मग य असा क्रम शिकवतात, आणि आधी लिहिलेला मजकूर एकसारखा करणारी त्यांची छोटी पायथन आज्ञावली मागेल त्याला विनामूल्य देतात.

त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी काहीजण आता पुण्या-मुंबईत याच कामावर पोट भरतात.

(दृश्य : पडवी, संध्याकाळ. शेजारची शाळकरी मुलगी संगणकासमोर, गुरुजी मागे उभे.)

ही मुलगी ती जुनी तीन ओळींची भरती आता पायथनमध्ये लिहिते आहे. तिच्या आज्ञावलीत तिथीचे नाव मराठीत विचारले जाते. ती ‘सप्तमी’ टंकते आणि कळ दाबते. पडद्यावर उमटते : पाच वाजून पंधरा मिनिटे.

(दृश्य : बंदर. चढते पाणी.)