कॅसेट चालवेल तोच कॅमेरा घ्या

नमस्कार श्रोतेहो. 1990 नंतरची दहा-पंधरा वर्षं आपल्याकडची लग्नं, मुंजी, बारशी व्हिडिओ कॅसेटवर उतरली. कॅसेट कपाटात आहेत, पण त्या लावायला घरात काही नाही. म्हणून जुन्या हँडीकॅमचा ऑनलाइन शोध सुरू होतो. तुम्हीही शोधत असाल, तर एक लक्षात ठेवा. हा कॅमेरा तुम्ही शूटिंगसाठी नाही, कॅसेट बघण्यासाठी घेताय. लेन्स आणि झूम नंतर बघा.

आधी कॅसेटवरचं नाव वाचा. मिनी डीव्हीला मिनी डीव्हीचाच कॅमेरा लागतो. व्हिडिओ 8 आणि हाय 8 ची फीत 8 मिलिमीटर रुंद, तिचे कॅमेरे वेगळे. सोनीने 1999 मध्ये त्याच फितीवर डिजिटल चित्र नोंदवणारा डिजिटल 8 हा प्रकार आणला. त्यातली काही मॉडेलं हाय 8 वाचतात, काही नाही. तेव्हा मॉडेल नंबर माहितीपुस्तिकेत ताडून घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिथे काढलेली कॅसेट बहुधा एनटीएससी या चित्रपद्धतीची असते आणि आपल्याकडचे कॅमेरे पाल पद्धतीचे; एका पद्धतीची कॅसेट दुसऱ्यावर नीट दिसेलच असं नाही, हेही बघा.

जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'चालू स्थितीत'. बऱ्याचदा त्याचा अर्थ स्क्रीन उजळते, एवढाच. खरं काम आतल्या बोटभर ड्रमचं. मिनी डीव्हीत तो मिनिटाला 9000 वेळा फिरतो आणि त्याच्यावरची हेड, म्हणजे चित्र वाचणारे बारीक भाग, फितीवरचे केसाहूनही बारीक पट्टे वाचतात. फितीची वाट जराशी सरकली की चित्रात ठोकळे दिसतात. अशा कॅमेऱ्याने स्वतः काढलेली कॅसेट तो छान दाखवतो, दुसऱ्याची मात्र नाही! म्हणून विक्रेत्याला सांगा, दुसऱ्या कॅमेऱ्यावर काढलेली कॅसेट लावा आणि मधे न थांबवता व्हिडिओ काढून पाठवा: झाकण उघडलं, कॅसेट आत गेली, चित्र आलं, फीत मागे गेली, कॅसेट बाहेर आली. फीत चढताना करकर ऐकू आली, तर तो कॅमेरा सोडून द्या. विक्रेता टाळाटाळ करत असेल तरीही सोडा.

मिनी डीव्ही आणि डिजिटल 8 चं चित्र संगणकावर जसंच्या तसं घ्यायचं, तर कॅमेऱ्यावर फायरवायरचं, म्हणजे डिजिटल चित्र संगणकात नेणाऱ्या केबलचं, छोटं चार पिनांचं सॉकेट हवं. सोनी त्याला आयलिंक म्हणते. यूएसबीवर भिस्त ठेवू नका, अशा बहुतेक कॅमेऱ्यांत ते फोटोंपुरतंच असतं. ही केबल कॅमेरा बंद असताना जोडा, नाहीतर सॉकेट जळण्याची भीती असते. आजच्या लॅपटॉपला हे सॉकेट नसतं, तेव्हा फायरवायर असलेला जुना संगणक कुणाकडे आहे का, तेही आधीच विचारून ठेवा.

पैशांचं थोडक्यात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'आगाऊ रक्कम परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारा फसवतोय. फसलात तर लगेच 1930 वर फोन करा. शक्य असेल तर जाऊन, कॅसेट लावून, मगच पैसे द्या.

कॅमेरा घरी आल्यावर आईबाबांच्या लग्नाची कॅसेट पहिली लावू नका, बिघडलेला कॅमेरा फीत चावतो. आधी एखादी बिनकामाची कॅसेट पुढेमागे फिरवून बघा. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली, आणि कोकणातल्या दमट घरांत ती दिसतेच, तर तिला कॅमेऱ्यात घालूच नका. हेडही खराब होईल. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. तासाभराची डीव्ही कॅसेट उतरायला तासच लागतो आणि सुमारे 13 जीबी जागा. दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक भावंडाकडे द्या.