पोरं प्यायला लागलीत, पण किती?

[दृश्य: कल्याणीनगर, रात्रीची वर्दळ]

१९ मे २०२४. पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप आला सतरा वर्षांच्या मुलावर. महाराष्ट्रात बिअरसाठी वय लागतं २१, कडक दारूसाठी २५. पुण्यात मग जो तो म्हणू लागला, 'हल्लीची पोरं फार प्यायला लागलीत.' असेलही. पण फार म्हणजे किती, आणि हल्ली म्हणजे कधीपासून?

'एम्स'ने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात १० ते १७ वयाच्या मुलांत दारू पिणारे १.३ टक्के. आकडा मोलाचा, पण एका वेळचा. प्रमाण वाढतंय की घटतंय, हे तो एकटा सांगू शकत नाही. शिवाय घरी जाऊन विचारलं आणि आई कान देऊन बसली असेल, तर पोरगं काय बोलणार?

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून दरवर्षी बारावीच्या मुलांना वर्गातच विचारतं: गेल्या तीस दिवसांत दारू घेतली का? १९७९ मध्ये सुमारे ७२ टक्के मुलांनी घेतली होती, २०२३ मध्ये सुमारे २४. 'पिढी बिघडली' ही ओरड मात्र दोन्ही वेळी तेवढीच असणार.

[दृश्य: टेबलावर बाटल्या, मोजपेला]

पोरगं 'एक बाटली घेतली' म्हणालं, तर ती किती, ते आता बघू. दहा ग्रॅम अल्कोहोल हे एक माप धरलं, तर व्हिस्कीचा तीस मिलीचा पेग म्हणजे एक माप. ६५० मिलीची पाच टक्क्यांची बिअर अडीच. तीच आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर चार. आणि व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर? सहा. म्हणून मुलांना द्यायच्या प्रश्नावलीत बाटलीचं चित्र हवंच.

पिणं मोजता येतं. त्याचा त्रास मोजणं अवघड. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' चाचणी आहे, पण ती मुळात मोठ्यांसाठी. मुलांना वेगळं विचारावं लागतं: पिऊन भांडण झालं का, रात्रीचं काही आठवेनासं झालं का, पिऊन गाडी चालवली का. गंमत इथेच आहे. आठवीतल्या मुलाकडे गाडी नसते. बारावीत, विशेषतः पुण्यात, बापाची अ‍ॅक्टिव्हा हाताशी येते. पिणं तेवढंच राहिलं तरी 'हो' वाढतात, आणि तक्त्यावर व्यसन वाढल्यासारखं दिसतं. वयाप्रमाणे अर्थ बदलणारा असा प्रश्न वेगळा काढून तपासावा लागतो.

त्याच मुलांना वर्षानुवर्षं विचारत राहायचं, तर नाव न विचारता ओळख हवी. त्यासाठी खुणेचा संकेतांक: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्माची तारीख, मोठी भावंडं किती. तरीही आठवीत 'प्यायलोय' लिहिणारा दहावीत 'कधीच नाही' लिहितो. आधी फुशारकी मारली की आता घाबरला, हे कागद सांगत नाही.

आणि शाळेत जाऊन मोजलं, की शाळा सुटलेली पोरं सुटतात. ती गॅरेजात, मार्केट यार्डात, बांधकामांवर सापडतील. त्यांच्यापर्यंतही जायचं, तर प्रश्न वाचून दाखवणारा माणूस लागेल, आणि तोही दरवर्षी.