विरजणाचा पारा ८५ वर!

श्रोतेहो, नमस्कार. आज सेन्सरबद्दल बोलायचंय. म्हणजे थर्मामीटरकडे डोळे लावून बसायचं नाही. मापायचं सेन्सरनं, लिहून ठेवायचं यंत्रानं, आणि आपण खुशाल झोपायचं!

माझी भाची नववीत आहे. विरजण रात्रभरात कसकसं निवत जातं, ते तिला बघायचं होतं. तिनं आणला डीएस१८बी२० नावाचा सेन्सर. करंगळीहून बारीक स्टीलची नळी, मागे तीन तारा. आजीनं ठणकावलं, "माझ्या दुधात वायर बुडवायची नाही हं!" मग नळी पातेल्याला बाहेरून चिकटवली, वर टॉवेल गुंडाळला. सेन्सर वाचायला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड. ते मोबाइलच्या चार्जरवर, नोंदी मेमरी कार्डात. रात्री दहा ते सकाळी सहा, दर मिनिटाला एक नोंद. किती झाल्या? ४८०.

सकाळी मोजल्या तर ४४१. शिवाय २४१वी नोंद काय होती म्हणता? ८५ अंश! आधीच्या ओळीत ३४, नंतरच्या ओळीत ३३, आणि मध्येच ८५. दही तर छान घट्ट लागलेलं.

भाची म्हणाली, "मामा, ही ओळ खोडून टाकते." आमच्या वेळी तेच करायचे. प्रॅक्टिकलच्या वहीत एक रीडिंग चुकलेलं दिसायचं नाही, कारण उत्तर आधी आणि रीडिंग मागून! वहीला खाकी कव्हर नसलं तर मात्र गुण कापायचे. असो.

मी म्हटलं, खोडू नकोस. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "दोनला लाइट गेली होती गं. पंखा थांबला नि मला जाग आली." आता बघा, दहापासून दोनपर्यंत नोंदी २४०. २४१वी लाइट आल्यावरची! हा सेन्सर चालू झाला की त्याच्या पोटात ८५ हाच आकडा असतो. पहिलं माप पूर्ण व्हायच्या आत वाचलं तर तोच हाती येतो. आणि ४८० वजा ४४१? ३९. लाइट ३९ मिनिटं नव्हती. पुन्हा सांगतो, विचित्र नोंद खोडायची नाही. शेजारी पेन्सिलीनं खूण करायची, बस्स.

वेळ संपत आलीय, तेव्हा थोडक्यात. या सेन्सरमध्ये अर्ध्या अंशाचा फरक पडू शकतो. म्हणून आधी बर्फाच्या पाण्यात धरा, शून्याच्या किती जवळ जातो ते लिहून ठेवा. आणि बहुतेक साध्या आर्डुइनोंना तारीख-वेळ सांगणारं स्वतःचं घड्याळ नसतं. वेळ हवी तर घड्याळाचं वेगळं छोटं बोर्ड जोडा.

दुसऱ्या रात्री भाचीनं हुशारीनं पॉवर बँक लावली. सकाळी पाहतो तर नोंद एकच. यंत्र इतकी कमी वीज ओढत होतं, की पॉवर बँकेला वाटलं काही जोडलेलंच नाही, आणि ती मिनिटाच्या आत झोपी गेली. आजी मात्र खूश होत्या. दही त्याही दिवशी लागलं होतं.