हद्दीवरचा शिपाई आणि त्याचा डॉक्टर

सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला निघाले, तेव्हा त्यांना आधी तिबेटात उतरावं लागलं. भारतातून पारोपर्यंत मोटार जाईल असा रस्ताच नव्हता. गंगटोकहून नथू-ला खिंड ओलांडायची, तिबेटातल्या चुंबी खोऱ्यात उतरायचं आणि तिथून घोड्यावरून भूतानमध्ये शिरायचं. शेजारच्या घरी जायला तिसऱ्याच्या अंगणातून वाट! पुढच्याच वर्षी तिबेटात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, भूतानने उत्तरेची सीमा बंद केली आणि तीही वाट मिटली. त्या सीमेवर आता भूतानी शिपाई उभा राहिला. त्याच्यापर्यंत आपलं सैन्य काय घेऊन गेलं, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

सगळ्यात आधी रस्ता गेला. १९६१ मध्ये सीमा सडक संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प सुरू झाला. भारताच्या हद्दीवरच्या फुंतशोलिंगहून राजधानी थिंफूला खेचरावरून पाच-सहा दिवस लागत, तिथे दिवसभरात गाडी पोचू लागली. सुरुंगाने कडे फोडून, दरडींखाली माणसं गमावून तो रस्ता झाला. भूतानमधल्या कामात दंतकची १२०० हून अधिक माणसं गेली आहेत. थिंफूजवळ सिमतोखाला त्यांचं स्मारक आहे. तिकडे सहलीला गेलात तर गाडी थांबवा.

१९६२ मध्ये भारतीय लष्कराचं प्रशिक्षण पथक भूतानमध्ये गेलं. तिथे सगळे त्याला ‘इमट्रॅट’ म्हणतात. त्याचा तळ चुंबी खोऱ्याला लागून असलेल्या ‘हा’ नावाच्या खोऱ्यात आहे. उंची सुमारे २७०० मीटर, आणि पारोहून तिथे यायचं तर जवळजवळ ४००० मीटर उंचीची चेले-ला खिंड चढून उतरायची. पथकाचं काम कागदावर प्रशिक्षणाचं. पण मला विचाराल तर त्या खोऱ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्याचा दवाखाना.

का, ते सांगतो. उंचावरच्या चौकीत धडधाकट पोराला रात्री खोकला सुरू होतो, धाप लागते, सकाळपर्यंत ओठ निळे पडतात. फुफ्फुसात पाणी झालेलं असतं. उपाय साधा आहे: ऑक्सिजन द्या आणि ताबडतोब खाली आणा. पण खाली आणायचं कुठे? खिंड बर्फाने बंद असेल तर? अपेंडिक्स फुटलं, पाय मोडला, तरी प्रश्न हाच. म्हणून डॉक्टर खोऱ्यातच हवा. तो आला की शिपायापुरता राहत नाही. शिपायाची बायको बाळंतपणाला येते, याक राखणारा म्हातारा डोळे दाखवायला येतो. तिथल्या डॉक्टरने दाराशी आलेल्याला गणवेश विचारला नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या सगळ्याला आपण भूतानला केलेली ‘मदत’ म्हणतो. तो शब्द मला इथे अपुरा वाटतो, कारण देणं दोन्हीकडून आहे. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या छोट्याशा सैन्याने दक्षिणेच्या जंगलात आसाम आणि उत्तर बंगालमधल्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांचे तळ उठवले. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः आघाडीवर होते. त्या बंडखोरांची लढाई भारताशी होती. भूतानी जवान मेले ते आपल्याही सुरक्षिततेसाठी. दोचु-लाच्या खिंडीत १०८ स्तूप उभे आहेत, ते त्या मोहिमेच्या स्मरणात.

आणि हे नातं आपल्या पुण्यातही आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत भूतानी कॅडेट शिकतात, वानवडीच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातही. पुढे त्यांतलाच कुणी चौकीवर जातो, कुणी दवाखान्यात.

२७ सप्टेंबर २०१९ ला अरुणाचलातल्या खिरमूहून भूतानच्या योंगफुलाकडे निघालेलं आपल्या लष्कराचं चीता हेलिकॉप्टर धुक्यात डोंगरावर कोसळलं. आत दोघेच होते. एक भारतीय लेफ्टनंट कर्नल. दुसरा भूतानी सैन्याचा कॅप्टन, आपल्या लष्कराबरोबर उड्डाणाचं प्रशिक्षण घेणारा. दोघेही वाचले नाहीत.