मॉडेलमधला आकडा आला कुठून?

मित्रहो, मला दिलेला विषय असा आहे: सिस्टिम मॉडेलमधले घटक बाहेरच्या डेटाबेसमधल्या माहितीशी कसे जोडायचे. समोर बसलेले बहुतेक जण वाहनउद्योगातले दिसताहेत, त्यामुळे सिसएमएल ही सिस्टिमचं मॉडेल मांडायची भाषा आणि ब्लॉक म्हणजे त्या मॉडेलमधला एक भाग, यापलीकडे त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एकच आहे. आकडा उचलून मॉडेलमध्ये आणून ठेवू नका. त्याची देखभाल जिथे होते तिथेच तो राहू द्या आणि मॉडेलमधून तिथपर्यंत जाणारा दुवा पक्का करा.

हे सांगायचं तर मार्स क्लायमेट ऑर्बिटर या नासाच्या मंगळयानाशिवाय माझं पान हलत नाही. किती जणांना ठाऊक आहे? बरेच हात वर आले. पौंड आणि न्यूटन यांचा घोळ झाला आणि यान गेलं, एवढंच ठाऊक असेल. अर्धीच गोष्ट आहे ही, आणि ती ऐकली की मला खरोखर राग येतो. कारण त्यातून लोक ‘एककं तपासा’ एवढंच शिकतात.

यान 11 डिसेंबर 1998 ला उडालं. त्याचं सौर पॅनल एकाच बाजूला होतं. सूर्यप्रकाशाचा दाब त्या बाजूवर जास्त पडायचा, यान कलू पाहायचं, त्याची आतली चाकं ते सावरायची आणि सावरता सावरता त्यांचा वेग वाढत जायचा. तो उतरवायला छोटे थ्रस्टर उडवावे लागत. पॅनलची रचनाच अशी असल्यामुळे दिशादर्शन गटाच्या अंदाजापेक्षा दहा ते चौदा पट जास्त वेळा! प्रत्येक वेळी थ्रस्टरनं किती धक्का दिला, हे जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर फाइलमध्ये लिहायचं आणि त्या फाइलवरून जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेतले लोक यानाचा मार्ग काढायचे.

आता नीट ऐका. ही फाइल न्यूटन-सेकंदांत असावी, हे इंटरफेसच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे रिक्वायरमेंट, काय हवं ते सांगणारी अट, होती, लेखी होती. सॉफ्टवेअर मात्र पौंड-सेकंद लिहीत होतं. फरक 4.45 पट. हे सॉफ्टवेअर मोहिमेसाठी निर्णायक मानलंच नव्हतं, म्हणून त्याची कसून तपासणी झाली नाही. पहिले चार महिने तर फाइलच्या स्वरूपातच चुका होत्या, त्यामुळे ती वापरातच नव्हती. आकडे ई-मेलनं जात होते. एप्रिल 1999 मध्ये फाइल वापरात आली आणि काही दिवसांत दिशादर्शन करणाऱ्यांना शंका आली की हे आकडे लहान वाटताहेत. त्यांनी ती बोलून दाखवली, ई-मेलवर लिहिली. पण अशा विसंगतींसाठी ठरलेल्या अधिकृत नोंदपद्धतीत ती गेली नाही. 23 सप्टेंबरला यान मंगळापाशी पोहोचलं. 226 किलोमीटर उंचीवरून जायचं होतं, ते साधारण 57 पर्यंत खाली आलं आणि गमावलं.

रिक्वायरमेंट एका कपाटात, कोड दुसऱ्या, शंका तिसऱ्या. तिन्ही गोष्टी अस्तित्वात होत्या आणि एकीकडून दुसरीकडे जायला वाट नव्हती. मला छळतं ते हे.

आपल्याकडे ही वाट शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहामध्ये गेलात की नाव कशानं लागलं, वारसानं की खरेदीनं, मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली का, सगळं सापडतं. सातबाऱ्यावर खरेदीखत उतरवून काढत नाहीत, क्रमांक देतात. आता आपलं मॉडेल उघडा. बॅटरी पॅक नावाचा ब्लॉक, वस्तुमान 38 किलो. कुठून आला हा आकडा? रिक्वायरमेंटच्या डेटाबेसमधून कधी काळी काढलेली एक्सेल घेऊन काम कोण करतं, हे विचारून हात वर करायला लावत नाही. काहींचे मॅनेजर शेजारीच बसलेत.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. तर मूळ विषय भरभर घेतो.

दुव्याला सगळ्यात आधी न बदलणारी ओळख लागते. फाइलचं नाव आणि फोल्डरचा मार्ग ओळख म्हणून चालत नाहीत. फोल्डर हलला की दुवा मेला. टूल्समधली माहिती जोडायचं ओएसएलसी हे मानक याचसाठी आलं, 2008 च्या सुमारास, पुढे ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे गेलं. त्यात प्रत्येक रिक्वायरमेंटला, टेस्टला, बदलाच्या विनंतीला वेबवरचा स्वतःचा पत्ता असतो. माहिती आपल्या घरीच राहते, मॉडेल फक्त पत्ता धरतं आणि माउस नेला की झलक दिसते. रेकआयएफ हा रिक्वायरमेंट्सच्या देवाणघेवाणीचा फाइल-नमुना वेगळा: तो माहितीची प्रतच एका कंपनीतून दुसरीकडे नेतं. पुरवठादाराशी देवाणघेवाण करायला उत्तम, पण प्रत ती प्रतच. सिसएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत मॉडेलपर्यंत पोहोचायला प्रमाणित एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठीचं दार, आहे, त्यामुळे बाहेरूनही मॉडेलमधल्या घटकाकडे बोट दाखवता येईल.

मग आवृत्ती. पीएलएममध्ये, म्हणजे भागांच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, पॅक रिव्हिजन बी वरून सी वर गेला, 41 किलोचा झाला. तुमचा दुवा कशाकडे बघतोय? चालू कामात नेहमी ताज्याकडे बघावं, पण बेसलाइन, म्हणजे मान्य झालेली स्थिती, गोठवली की तिच्यातला दुवा त्या क्षणीच्या रिव्हिजनलाच बांधला पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी ऑडिटर जुनी बेसलाइन उघडतो आणि त्याला नवे आकडे दिसतात.

आणि पलीकडे बदल झाला की अलीकडे कळलं पाहिजे. ई-स्कूटरच्या आगींनंतर 2022 मध्ये एआयएस-156 हे बॅटरीच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक सुधारलं, तेव्हा पॅकच्या कोणत्या ब्लॉकवर, कोणत्या चाचणीवर परिणाम होतो, हे दुवे असलेल्याला ‘सस्पेक्ट’, म्हणजे ‘पुन्हा तपासा’ सांगणाऱ्या, खुणा बघून सापडतं. बाकीच्यांना बैठका घ्याव्या लागतात. पण खूण आपोआप जाऊ देऊ नका. ती माणसानं, वाचून, आपल्या नावानं काढावी. सगळ्या खुणा एका क्लिकमध्ये पुसायची सोय असेल तर ती बंद करून घ्या.

सगळंच जोडायला मात्र जाऊ नका. हजारो दुवे सांभाळायला कुणी नसेल तर वर्षभरात ते कुजतात. इंटरफेसपासून सुरुवात करा, जिथे एका गटाचा आकडा दुसऱ्याच्या गणितात जातो. तुमची इंटरफेसची यादी आज एक्सेलमध्ये असेल तर तिथेच प्रत्येक ओळीला आयडी द्या. ओळीचा क्रमांक नव्हे, कारण सॉर्ट केलं की तो बदलतो. एकक आणि आकड्याचा मालक यांचे वेगळे रकाने करा. महागडं टूल येईल तेव्हा येईल, हे आयडी तसेच त्यात जातील. प्रश्न घेऊया.