पाचर

(शरणपूर, नाशिक येथे उपवासकाळातील संध्याकाळच्या उपासनेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

पाळकसाहेब आणि मंडळी,

आधी एक कबुली देतो. मघाशी गीत चालू होतं तेव्हा मी या टेबलाखाली वाकलो, आणि मागच्या बाकावरच्या मुली फिसकन हसल्या. म्हाताऱ्याचं काहीतरी पडलं असं वाटलं असेल त्यांना. पडलं नव्हतं, काढायचं होतं. हे बघा. दानाचं पाकीट आहे, तीन-चार घड्या घातलेलं, दबून दबून पत्र्यासारखं कडक झालंय. टेबलाचा हा पाय आखूड आहे, त्याच्याखाली कुणीतरी सरकवून ठेवलेलं. कुणी आणि केव्हा, देव जाणे.

मी जन्मभर आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. नव्या तुकडीच्या हातात पहिल्याच दिवशी हातोडा द्यायचो आणि विचारायचो, याचा दांडा निसटून समोरच्याच्या कपाळात का बसत नाही? कुणी म्हणायचं खिळा मारलाय, कुणी म्हणायचं फेविकॉल. मग मी हातोड्याचा माथा दाखवायचो. दांड्याच्या टोकाला चीर पाडलेली असते आणि त्या चिरेत बोटाच्या पेराएवढी पाचर ठोकलेली असते. पाचर चीर फाकवते, लाकूड आतल्या आत फुगून घट्ट बसतं. कुऱ्हाड असो, हातोडा असो, सगळा भरवसा त्या तुकड्यावर. आपल्या भाषेनं मात्र ‘पाचर मारणे’ म्हणजे दुसऱ्याच्या चालत्या कामात खोडा घालणे, असा अर्थ करून ठेवलाय. सुतारांना कुणी विचारलं नाही.

आजचा विषय मला दिलाय ‘सामान्य गोष्टींतला देवाचा हेतू’. म्हणून आपण बसलोय त्या जागेचीच गोष्ट सांगतो. सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, कॅनडा कॉर्नरकडे जाताना आपण रोज ‘शरणपूर रोड’ म्हणतो. जुन्या करारात सहा शरणपुरं सांगितली आहेत, जीव वाचवायला पळालेल्या माणसाला आसरा देणारी गावं. इथलं शरणपूर चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशननं 1850 च्या दशकात वसवलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांना घेऊन जाणारी गलबतं ब्रिटिश आरमार समुद्रात अडवायचं. त्यातून सुटलेली काही मुलं मुंबईला आणि तिथून इथं आली. अक्षरओळखीबरोबर त्यांना सुतारकी, लोहारकी शिकवत. तेव्हा आफ्रिकेत ‘नासिक बॉइज’ म्हटलं की आपल्या या गावाची मुलं, एवढं त्यांचं नाव होतं. पुढं 1875 च्या सुमारास त्यांच्यातली बरीच मंडळी मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला जाऊन स्थिरावली.

त्यांतला एक जेकब वेनराइट. तो आणि इथलेच आणखी पाच जण 1872 मध्ये डॉ. लिव्हिंगस्टनकडे, म्हणजे आफ्रिकेत फिरणाऱ्या त्या मिशनरी-संशोधकाकडे, पाठवलेल्या तांड्यात होते. 1 मे 1873 ला, आज ज्याला झांबिया म्हणतात तिथल्या एका खेड्यात, डॉक्टर वारले. बरोबरची माणसं सगळी आफ्रिकन, वर कुणी साहेब नाही. प्रेत किनाऱ्यावर न्यायचं त्यांनी आपसांत ठरवलं.

आता हे कसं केलं ते नीट ऐका, कारण मला बोलायचंय ते याच्यातच आहे. सगळ्यांसमोर पेट्या उघडल्या. मागाहून कुणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून आत काय काय आहे त्याची यादी करायची होती, आणि लिहिता येत होतं जेकबला. त्यानं डॉक्टरांच्याच छोट्या वहीत ती यादी लिहिली. हृदय आणि आतडी पिठाच्या रिकाम्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. जेकबनं अंत्यविधीची उपासना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव नि तारीख कोरली. शरीरात मीठ भरलं, चौदा दिवस उन्हात वाळवलं, झाडाच्या सालीत गुंडाळून वर शिडाचं कापड शिवलं. पुढं एक गाव प्रेत नेऊ देईना, तेव्हा त्याला कापडाच्या गठ्ठ्याचं रूप दिलं. असे नऊ महिने, दीड हजार किलोमीटरच्या वर. वाटेत त्यांची स्वतःची माणसं मेली.

‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ हे वचन वाचलं की आपण भाजीच्या चवीवर बोलतो. मीही रविवारच्या शाळेत तसंच शिकवलंय. पण मिठाचं जुनं काम नासू न देणं हे आहे, बोंबील वाळवणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. पिठाचा डबा, मीठ, साल, चार ओळींची यादी. यातली एकही वस्तू त्या कामासाठी कुणी बनवली नव्हती.

इथं वक्ते एक करतात, ते मला पटत नाही. ते म्हणतात, बघा, एवढासा गुलाम पोरगा आणि 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालला! खरं आहे, चालला. मिशननं त्याचं भाडं भरलं म्हणून तो पोचला. बाकीच्या ओझं वाहणाऱ्यांना झांझिबारमध्ये मजुरी हातावर ठेवून वाटेला लावलं होतं. मग त्यांचं वाहणं काय कमी भरलं? लहानाचं मोठं झालं की मगच त्यात देवाचा हात दिसतो म्हणायचं, तर उरलेल्यांचं काय करायचं? आपण इथं बसलेले बहुतेक त्या उरलेल्यांतलेच. निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं मी घरात नुसता येरझाऱ्या घालायचो. बायको म्हणाली, ‘अहो, तुम्ही पाय आपटता त्यानं खालच्यांची झोप मोडते.’ एवढाच काय तो माझा जगावर परिणाम.

त्या दिवसांत मत्तयाच्या अकराव्या अध्यायापाशी मी अडकलो. ‘माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे.’ शेकडो वेळा ऐकलं असेल, पण सुतार म्हणून कधी ऐकलं नव्हतं. ‘सोयीचे’. जू काही दुकानात नंबर सांगून मिळत नाही. बैलाच्या मानेचं माप घ्यावं लागतं, जोडीतला एक उंच असतो, एकाचा खांदा रुंद असतो. चुकीचं जू बसलं की खांद्याला आवाळू येतं, कातडी सोलवटते आणि मुका जीव सांगू शकत नाही. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात ती का? वर्षभर जिथं जू टेकलं, तिथंच हळद आणि तूप चोळायचं.

नासरेथचे लोक येशूला ‘हा तो सुतारच ना’ म्हणतात, थोडं हिणवूनच. त्यानं सुतारशाळेत काय बनवलं ते चारही शुभवर्तमानं सांगत नाहीत. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मात्र लिहून गेलाय की तो नांगर आणि जुवं करायचा. माझा यावर चटकन विश्वास बसला, कारण ‘सोयीचे जू’ हे शब्द ज्यानं रंध्यानं ते जू तासलंय, बैलाच्या मानेवर ठेवून पाहिलंय, परत आणून पुन्हा तासलंय, त्याच्याच तोंडी येतात. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत हेच काम. पाच हजारांना जेवण नाही, पाण्यावर चालणं नाही. गालीलातल्या कुठल्यातरी शेतकऱ्याच्या बैलाचा खांदा त्या साली सुजला नाही, एवढंच झालं असेल, आणि ते त्या बैलाशिवाय कुणाला कळलंही नसेल.

लाकूड निवडताना मुलं गाठ असलेली फळी बाजूला टाकायची. मी ती उचलून ठेवायचो. गाठीपाशी लाकूड सरळ चिरत नाही, रंधा अडखळतो, हे खरं. पण मोगरीचं, म्हणजे लाकडी हातोड्याचं, डोकं करायला मला अशीच गाठाळ लाकडं लागायची, कारण ती ठोकून फुटत नाहीत. मुलांना ते दुसऱ्या वर्षी कळायचं. काहींना नाही कळलं. त्यातला एक आता बिल्डर आहे, बरा चाललाय त्याचा धंदा.

वेळ झाली, पाळकसाहेब घड्याळ बघतायत. हे पाकीट मी आता खिशात घालतो, कारण त्यावर पेन्सिलीनं लिहिलेला दानाचा आकडा अजून दिसतोय, सव्वा रुपया. उद्या सकाळी करवत आणि एक सागाचा तुकडा घेऊन येईन. तोवर या टेबलाला कुणी टेकू नका, आणि प्रार्थनेच्या वेळी पाण्याचा तांब्या त्याच्यावर ठेवू नका.